पाचव्या वडीचे भांडण

दोन मुली, एक जुनी लष्करी गाडी आणि मैलोन्‌मैल पसरलेले एक निर्मनुष्य शहर, एवढ्याच सामग्रीवर ‘गर्ल्स लास्ट टूर’ ही जपानी चित्रकथा उभी आहे. त्सुकुमिझू या टोपणनावाने काम करणाऱ्या चित्रकाराची ही मांगा 2014 ते 2018 या काळात शिन्चोशा प्रकाशनाच्या संकेतस्थळावर क्रमशः प्रसिद्ध झाली आणि तिचे 6 खंड निघाले. 2017 मध्ये व्हाइट फॉक्स या स्टुडिओने तिच्यावर 12 भागांची ॲनिमे मालिका काढली आणि 2019 मध्ये जपानमधला विज्ञानसाहित्यासाठीचा सेइउन पुरस्कार तिला चित्रकथा विभागात मिळाला. जगबुडीनंतरच्या कथा म्हटल्या की लुटारूंच्या टोळ्या, विषाणू आणि सूडाचा प्रवास हे सारे ओळीने येते. इथे त्यांतले काहीच नाही. माणसेच जवळजवळ संपलेली असल्यामुळे लुटायला कोणी नाही आणि सूड घ्यावा असा शत्रूही उरलेला नाही.

चितो गाडी चालवते, तिला वाचता येते आणि ती नेमाने रोजनिशी लिहिते. युरी मागे सामानात बंदूक घेऊन बसते, तिला धड लिहिता-वाचता येत नाही आणि तिच्या डोक्यात बहुतेक वेळा खाण्याचा विचार असतो. त्यांची गाडी म्हणजे केटेनक्राड. पुढे मोटरसायकलचे हँडल आणि एकच चाक, मागे रणगाड्यासारखे दोन पट्टे, असे हे विचित्र वाहन दुसऱ्या महायुद्धात जर्मन सैन्यासाठी एनएसयू या कंपनीने खरोखरच बनवले होते. ते या कथेत कसे आले याचे स्पष्टीकरण कोणी देत नाही आणि वाचणाऱ्यालाही त्याची गरज भासत नाही. पात्रांचे चेहरे बटाट्यासारखे गोल आणि हलत्या हाताने काढल्यासारखे आहेत, तर त्यांच्या भोवतालच्या इमारती, नळ, पूल आणि जिने मात्र इतक्या बारकाईने रेखाटलेले आहेत की कित्येक पानांवर या दोघींना शोधावे लागते.

पहिल्याच खंडातला एक प्रसंग मला या संपूर्ण कथेची किल्ली वाटतो. मोडक्या युद्धसामग्रीच्या ढिगाऱ्यात या दोघींना कोरड्या शिध्याच्या पाच वड्या सापडतात. त्यांची चव चॉकलेटची आहे असे वेष्टनावर लिहिलेले असते, पण चॉकलेट म्हणजे काय हे दोघींपैकी एकीलाही ठाऊक नसते. दोन-दोन वड्या खाऊन झाल्यावर एक उरते. त्याआधी माणसे एकमेकांशी का लढली असतील यावर दोघींची चर्चा झालेली असते आणि अन्न पुरेनासे झाले की भांडणे होणारच, असे काहीसे चितोने समजावून सांगितलेले असते. उरलेली वडी समोर आल्यावर युरी शांतपणे बंदूक उचलते, चितोवर रोखते आणि म्हणते की बघ, युद्ध हे असे होते. आणि ती वडी खाऊन टाकते. त्यानंतर चितो तिला चांगली बदडते, आणि दोघी पुन्हा गाडीवर बसून निघतात.

हा प्रसंग वाचून हसू येते, पण त्या हसण्याखाली एक अस्वस्थता उरते. जिच्याशिवाय आपण या शहरात एकट्या पडू अशा एकमेव माणसावर बंदूक रोखणे ही थट्टा आहे की नाही, हे त्सुकुमिझू ठरवून देत नाहीत. मैत्रीवरच्या बहुतेक कथांमध्ये मित्र एकमेकांसाठी त्याग करतात आणि मग तो त्याग कोणीतरी बोलून दाखवते. इथे मैत्री हिशेबातून दिसते: किती वड्या, किती पेट्रोल, कोणी किती खाल्ले, कोणाची पाळी. ज्यांचे एकमेकींवाचून चालणार नाही अशा दोघींचे वाटणीवरून इतके सहज भांडण व्हावे आणि त्या भांडणाने काहीच मोडू नये, हे मला कोणत्याही भावपूर्ण संवादापेक्षा अधिक विश्वसनीय वाटते. पुढे एका कारखान्यात बटाट्याचे पीठ आणि साखर सापडते, तेव्हा त्या दोघी स्वतःच्या हाताने वड्या भाजतात, आणि त्या पानांवरचा आनंद त्या पहिल्या भांडणामुळेच इतका खरा वाटतो.

याच सुरुवातीच्या भागात पुस्तक जाळण्याचा प्रसंग आहे. चितोजवळची मोजकी पुस्तके हा तिचा जीव की प्राण. एका रात्री शेकोटी विझू नये म्हणून युरी हाताला येईल ते टाकते आणि त्यात एक पुस्तक जाते. चितो रागाने बोलेनाशी होते. दुसऱ्या दिवशी ती रोजनिशी उघडते तेव्हा युरीने वेड्यावाकड्या अक्षरांत माफी मागितलेली असते आणि त्या एका शब्दातही एक अक्षर चुकवलेले असते. जिला लिहिता येत नाही तिने लिहून माफी मागितली, म्हणजे जे चितोला प्रिय आहे त्याच्याच भाषेत ती बोलायला आली. पण हे कोणी म्हणत नाही, पान उलटते आणि गाडी पुढे जाते.

या प्रसंगावरून माझा आणि माझ्या मैत्रिणीचा वाद अजून मिटलेला नाही. मी वाचणारी, म्हणून साहजिकच चितोच्या बाजूची. मैत्रीण मेकॅनिकल शाखेची, व्यवहारी आणि युरीसारखीच भुकेली. ती म्हणाली, “पुस्तकच जाळलं ना, घर तं नाही जाळलं तिनं. अन् थंडीनं मरून राहिल्या होत्या दोघी, तवा काय त्या पुस्तकाले पांघरणार होत्या?” यावर मी पुस्तकाची बाजू मांडायला लागले की ती समोरच्या प्लेटमधल्या तर्रीतले चणे वेचून वेचून संपवते आणि माझ्यासाठी लाल तेलात भिजलेले नुसते पोहे उरतात. दोघींत एक प्लेट तर्री पोहे घेण्याची आमची कॉलेजपासूनची पद्धत आहे. पैसे वाचवायला म्हणून ती सुरू झाली होती आणि आता दोघींनाही पगार असताना ती का चालू आहे, याचे उत्तर मला या मांगाने काही अंशी दिले आहे. वाटून घ्यायला काही नसले की भांडायलाही काही उरत नाही.

ही पुस्तके मी पहिल्यांदा वाचली ती नवतप्यात. मे महिन्याच्या अखेरीस नागपुरात दुपारी घराबाहेर पडण्याची सोय नसते, कूलरच्या ताट्यांवर पाणी मारत बसावे लागते आणि लाइन गेली की तेही संपते. अशा दुपारी बर्फाच्या वादळात सापडलेल्या दोन मुलींची गोष्ट वाचणे हा एक निराळाच अनुभव आहे. थंडीने गोठत असताना त्यांना कुठल्याशा जुन्या यंत्रणेत गरम पाणी सापडते, त्या अंघोळ करतात आणि त्या अंघोळीला सबंध प्रकरणातली सर्वांत मोठी घटना असल्यासारखी जागा दिलेली आहे. पुढच्या एका भागात कपडे धुताना वितळलेल्या बर्फाच्या पाण्यातून एक मासा वाहत येतो आणि युरी तो भाजून खाते. बऱ्याच पुढे एका जुन्या मत्स्यपालन केंद्रात त्यांना एकच मासा आणि त्याची निगा राखणारा एक यंत्रमानव भेटतो. तिथले दुसरे एक प्रचंड यंत्र ते केंद्रच पाडायला निघालेले असते, तेव्हा याच दोघी माशाला वाचवण्यासाठी ते यंत्र स्फोटकांनी उडवून देतात. पहिला मासा खाल्ल्याचा पश्चात्ताप त्यात कुठेही नाही. खायचा मासा आणि भेटलेला मासा यांत फरक असतो एवढेच त्यांना, बहुधा युरीला अधिक, कळलेले असते.

पावसाचा प्रसंग मात्र मला सगळ्यांत जास्त आवडतो. पाऊस लागल्यामुळे दोघी एका आडोशाला थांबतात, वरून गळणारे थेंब युरीच्या हेल्मेटवर टपटपतात, त्याचा आवाज तिला गमतीचा वाटतो आणि मग दोघी मिळून रिकामे डबे मांडत जातात. प्रत्येक डब्याचा आवाज निराळा निघतो. संगीत म्हणजे काय हे ऐकीव असणाऱ्या या मुलींनी ते नकळत घडवलेले असते. अन्न शोधणे, तेल शोधणे, पुढे जाणे या त्यांच्या कामांपैकी यातून काहीच साधत नाही आणि थेंब थांबले की तेही संपते. छोट्या आनंदांवरचे लेखन हल्ली फार होते आणि त्यातले बरेचसे मला गोडमिट्ट वाटते, कारण तिथे चहाचा कप किंवा खिडकीतले ऊन हे दुःखावरचे औषध म्हणून येते. या कथेतले डबे कशावरचेच औषध नाहीत. जग त्याआधीही संपलेले होते आणि नंतरही तसेच आहे.

ज्या शहरातून हा प्रवास चालतो ते थरांचे शहर आहे. एका थरावर दुसरा, त्यावर तिसरा, असे प्रचंड मजले, आणि या दोघी खालून वर वर जात राहतात. ते कोणी बांधले हे कोणालाच आठवत नाही. नंतर आलेली माणसे त्यात नुसती राहिली, डागडुजी करत राहिली आणि शेवटी त्यातच लढून संपली. नागपूरकराला हे चित्र अगदी परके वाटू नये. गड्डीगोदामजवळ खाली रस्ता, त्यावर रेल्वे, त्यावर उड्डाणपूल आणि सर्वांत वर मेट्रो, अशी चार मजली वाहतूक आता रोज चालते. वर्धा रोडवरचा 3.14 किलोमीटरचा दुमजली पूल तर 2022 मध्ये गिनीज बुकात गेला. गड्डीगोदामला रस्त्यावर उभी राहून वर पाहताना माझ्या मनात येते ते असे की, हे सारे उभारणारे हात आज याच शहरात आहेत, त्यांच्यातले कोणी माझ्या शेजारून दुचाकीवर जातही असेल, आणि आपल्याला मात्र या पुलातला एक बोल्टसुद्धा कसा बसवला हे सांगता येणार नाही. त्सुकुमिझूंच्या शहरात नेमके हेच घडलेले आहे, फक्त तिथे सांगू शकणारे कोणी उरलेले नाही.

वाटेत भेटणारी जिवंत माणसे अवघी दोन, आणि दोघेही वेड्यासारखे एकेका कामात गुंतलेले. कानाझावा हा शहराचे नकाशे काढत फिरतो. नकाशे करणे हेच त्याच्या जगण्याचे कारण असते आणि उंच मनोऱ्यावर चढताना तेच नकाशे वाऱ्यावर उडून जातात. आमच्याकडे नागपुरात झिरो माइलला ब्रिटिशांनी केलेल्या देशाच्या सर्वेक्षणाच्या काळातला तो स्तंभ आणि शेजारी चार घोडे उभे आहेत, लोक तिथे फोटो काढतात आणि पुढे जातात. एखाद्या जागेपासून अंतरे मोजण्यात कोणी आयुष्य घालवले असेल ही कल्पना कानाझावाला भेटल्यानंतर मला अधिक नीट करता येते. दुसरी इशी. ती एकटीने विमान बांधते आणि पलीकडच्या भूमीकडे उडण्याची तयारी करते. विमान आकाशातच मोडते, ती पॅराशूटने खालच्या थरांकडे उतरत जाते, आणि दुर्बिणीतून पाहणाऱ्या मुलींना तिचा चेहरा हसरा दिसतो. अपयशाचे इतके सुटसुटीत चित्र मी क्वचितच पाहिले आहे. माझ्या मैत्रिणीचे मत याहून साधे: विमानाची तपासणी आधी नीट करायला पाहिजे होती.

सगळेच प्रसंग मला सारखे पटतात असे नाही. नुको नावाचा एक लांबडा पांढरा प्राणी चौथ्या खंडाच्या आसपास येतो, रेडिओतून बोलतो, आणि त्याचे मोठे भाऊबंद जगाचे काय होणार हे चक्क समजावून सांगतात. तोवर जे शहर न बोलता कळत होते त्यावर अचानक सूचनाफलक लागल्यासारखे होते. नुको दिसायला गोड आहे आणि त्याला पाहून युरी हरखते तो भाग छान आहे, पण ते भाष्य निम्म्याने कमी असते तरी चालले असते. ज्यांना असे शांत, ओसरत्या जगाचे चित्रण आवडते ते हिची तुलना हितोशी आशिनानो यांच्या ‘योकोहामा काइदाशी किको’ या 1994 ते 2006 च्या मांगाशी करतात. त्या कथेत समुद्र वर चढत असला तरी शेजारीपाजारी आहेत, कॅफे आहे, कॉफी प्यायला येणारी माणसे आहेत. इथे दोघीच. त्यामुळे त्यांच्यातले प्रत्येक किरकोळ बोलणे जगातले जवळजवळ एकमेव बोलणे ठरते, आणि तेही बहुतेक खाण्याविषयी असते.

शेवटाविषयी मी इथे काही लिहिणार नाही. शेवटचे दोन खंड आम्ही दोघींनी एकाच आठवड्यात वाचले, आणि नंतर मैत्रीण फुटाळा तलावाच्या काठावर बराच वेळ काहीच बोलली नाही, ही तिच्या बाबतीत दुर्मीळ गोष्ट आहे. मग तिने भुट्टा मागवला, एकच, आणि मोडून अर्धा मला दिला. मोठा अर्धा स्वतःकडे ठेवला.

ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांनी ॲनिमेपासून केली तरी हरकत नाही, कारण पावसाचा तो प्रसंग तिथे खरोखर ऐकायला मिळतो आणि त्या भागाच्या शेवटी डब्यांच्या त्याच ठेक्याचे गाणे येते. मात्र मालिका चौथ्या खंडाच्या आसपास थांबते. पाचवा आणि सहावा खंड पुस्तकातच वाचावे लागतात. इंग्रजी आवृत्ती येन प्रेसची आहे, भाषा अगदी सोपी आहे, आणि शब्द इतके थोडे आहेत की एक खंड एका बैठकीत होतो. तो तसा न करता रोज एकच प्रकरण वाचावे, असे माझे मत आहे आणि मैत्रिणीचे नाही.