आमची वाटचाल : छापखान्याच्या गाळ्यातलं कॉफीचं दुकान

इंदूर उभ्याने खातं. सकाळी पोह्यांच्या गाडीपाशी, संध्याकाळी छप्पन दुकानावर, रात्री सराफ्यात, कुठेही बघा, हातात प्लेट आणि एक पाय पुढच्या दुकानाकडे वळलेला. सराफ्यात दिवसा सोन्या-चांदीचे व्यवहार. ती दुकानं बंद झाली की त्यांच्याच पायऱ्यांपुढे गराडू, भुट्ट्याचा कीस आणि जलेबा. तिथे कुणी बसायला खुर्ची मागितली तर लोक त्याला बाहेरगावचा समजतील. याबद्दल आमची काही तक्रार नाही, आमच्याही जिभेला तेच वळण आहे. पण खाऊन झाल्यावर दोन माणसांनी निवांत बोलायचं कुठे? पूर्वी त्यासाठी घरापुढे ओटे होते. आमच्या रामबागेतले बरेचसे ओटे स्कूटर आणि गाड्या लावण्यात गेले. आमचं दुकान चालतं ते या अडचणीवर.

आम्ही म्हणजे दोघी जावा. थोरल्या वहिनी स्वयंपाकघर आणि हिशेब बघतात, मी मशीन आणि गिऱ्हाईक. गाळा सासऱ्यांच्या छापखान्याचा. लग्नाच्या नि मुंजीच्या पत्रिका, गणेशोत्सवाच्या कार्यक्रमपत्रिका, मंडळांचे वार्षिक अहवाल, असं सगळं तिथे छापलं जायचं. आमंत्रणं मोबाईलवर जायला लागली तशी कामं आटली. छपाईचं ट्रेडल मशीन भंगारात गेलं, अक्षरांच्या खिळ्यांची एक लाकडी केस तेवढी ठेवली. तिच्या खणांत आता साखरेच्या पुड्या आणि चमचे असतात. 2018 मध्ये आम्ही तिथे कॉफीचं दुकान काढलं.

गाळा घरचा आहे, भाडं नाही. दुकान काढायच्या विचाराने सल्ला मागायला येणाऱ्या मुलांना मी हे सगळ्यात आधी सांगते. विजयनगरात भाड्याची जागा घेऊन आमच्या पद्धतीने चालवायचं म्हटलं तर सहा महिन्यांत टाळं लागेल, मग कॉफी कितीही उत्तम करा.

नातेवाइकांचा सूर एकच होता, इंदुरात कॉफी कोण पिणार? पाठीशी उभे राहिले ते सासरेच. त्यांची तरुणपणातली निम्मी संध्याकाळ इंडियन कॉफी हाऊसात जायची. त्या कॉफी हाऊसचीही एक गोष्ट आहे. ती आधी कॉफी बोर्डाची होती. 1950 च्या दशकात बोर्डाने ती बंद करायला घेतली, तेव्हा कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन यांच्या पुढाकाराने कामगारांनी सहकारी संस्था काढल्या. पहिली 1957 मध्ये बंगळूरला निघाली. आपल्या मध्य प्रदेशातली कॉफी हाऊस जबलपूरची संस्था चालवते. म्हणजे तुऱ्याचा फेटा बांधून कप आणून देणारा माणूस संस्थेचा सभासदही असतो. सासरे सांगायचे, तिथे एका कपावर दोन तास बसलं तरी कुणी बिल आणून आपटत नसे. आमच्या दुकानाचं धोरण एवढ्यावरच ठरलं, वेगळं काही लिहून काढावं लागलं नाही.

कॉफी मराठी घरांना नवी नव्हतीच. एकादशीला चालायची, परीक्षेच्या दिवसांत चालायची, गाण्याच्या बैठकीला मध्यंतरात तर हवीच. दुधात मुरलेली, गोड, वर जायफळ. पोल्सन म्हटलं की जुन्या लोकांना लोणी आठवतं, पण त्या पेढीची सुरुवात मुंबईत कॉफीपासूनच झाली होती. वहिनींच्या माहेरी कॉफीच्या वड्या आणत, त्या कपात टाकून वरून गरम दूध ओतायचं. सुरुवातीला मशीन नव्हतं. पितळेचे दोन मोठे फिल्टर, चिकमगळूरची पूड, त्यात वीस टक्के चिकोरी. डिकॉक्शन, म्हणजे फिल्टरमधून उतरणारा दाट अर्क, रात्री लावून ठेवायचं. त्यात वहिनींनी घरची जायफळ कॉफी घातली. वहिनी जायफळ दुधात उकळू देत नाहीत, वास उडून जातो म्हणतात. कप गिऱ्हाइकापुढे ठेवल्यावर, त्याच्या डोळ्यांदेखत बारीक किसणीवर दोनदा ओढायचं, बस. तिसऱ्यांदा ओढलं की कडवट लागतं. भंवरकुव्याच्या क्लासला येणारी मुलं हिला काहीतरी नवीन प्रकार समजून पितात आणि शेजारच्या टेबलावरचे आजोबा त्यांना ऐकवतात, "अरे, आमच्या लग्नाच्या याद्या या कॉफीवर झाल्या."

एस्प्रेसो मशीन नंतर आलं, जुनं, एका ग्रुपचं, म्हणजे कॉफी उतरायचं तोंड एकच. ते घेताना सगळे मशीनचाच भाव विचारतात. मी म्हणेन, आधी ग्राइंडर चांगला घ्या. अठरा ग्रॅम पूड घालायची, पंचवीस ते तीस सेकंदांत छत्तीस ग्रॅमच्या आसपास कॉफी उतरायला हवी. लवकर उतरली तर आंबट, पाणचट. रेंगाळली तर जळकी. आणि हे एकदा जमवून ठेवलं की झालं, असं नाही. मे महिन्याच्या कोरड्या उन्हात बसवलेला दळ जुलैच्या पहिल्या पावसात बिघडतो. म्हणून रोज सकाळी पहिले दोन-तीन शॉट आमच्याच पोटात जातात. धार आधी काळपट, मग मधासारखी, मग पिवळी पडते. पिवळी पडली की कप बाजूला ओढायचा. आमच्याकडे कामाला असलेली पोरगी तराजूकडे न बघता धारेच्या रंगावर हे ओळखते. मला अजून तराजू लागतो.

पाण्याचा त्रास वेगळाच. नळाला येतं ते नर्मदेचं, नदीकाठच्या जलूदहून सुमारे 70 किलोमीटर चढवून आणलेलं, चवीला उत्तम. पण ते दिवसाआड येतं, आणि आमच्या बोअरचं पाणी इतकं जड की किटलीला पांढरा थर बसतो. तो थर मशीनच्या बॉयलरमध्ये बसला की दुरुस्तीवाला इंदुरात मिळेलच असं नाही. नुसतं आरओचं पाणी घातलं तर कॉफी बेचव होते, कारण पाण्यात थोडे क्षार लागतातच. आता आम्ही नर्मदेचं पाणी वेगळ्या टाकीत साठवतो, गाळून वापरतो आणि टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, दीडशेच्या आसपास ठेवतो. हे गिऱ्हाइकाला दिसत नाही आणि त्याला सांगण्यातही अर्थ नाही.

भावाचं मात्र सांगावं लागतं. साधी कॅपुचिनो आमच्याकडे 110 रुपयांना आहे. "एवढ्यात तर दोघांचे पोहे-जलेबी होते, भिया," हे वाक्य मी गल्ल्यावर इतक्यांदा ऐकलंय की आता मीच हसून पुरं करते. किलोभर बियांतून वाया गेलेलं धरून पन्नासेक शॉट निघतात. ब्राझील आणि व्हिएतनाममधल्या दुष्काळानंतर जगभर भाव चढले, 2025 च्या फेब्रुवारीत अरेबिका जातीची कॉफी विक्रमी पातळीला गेली आणि आमच्याही बिया महागल्या. त्यात दूध, वीज, पगार. उरलेल्या पैशांत गिऱ्हाईक खुर्ची विकत घेतं, तासाचं मीटर न लावलेली. हे ज्याला पटतं तो परत येतो. ज्याला पटत नाही त्याच्यासाठी समोर दहा रुपयांचा चहा आहे, आणि तो चहा खरंच चांगला आहे, दुपारी आम्हीही तोच मागवतो.

एक सल्लागार आले होते. त्यांचं म्हणणं, खुर्च्या जरा कडक ठेवा, भिंतीतले प्लग काढून टाका, टेबलं लवकर रिकामी होतील. वहिनींनी त्यांना जायफळ कॉफी पाजली आणि दुसऱ्या दिवशी आणखी दोन प्लग बसवून घेतले. टेबल अडवून बसणाऱ्या माणसानेच आमचं दुकान तारलंय. रिकामं दुकान बघून कुणी आत शिरत नाही. दुपारी बारा ते चार या वेळात लॅपटॉपवाली तीन पोरं एकेक कॉफी घेऊन बसलेली असतात, म्हणून चौथा माणूस डोकावतो. तिघांपैकी कुणाला तरी भूक लागतेच, तेव्हा वहिनींचं थालीपीठ तयार असतं.

आणि बसणारी माणसं एकमेकांना धरून ठेवतात. खिडकीजवळचं टेबल बुद्धिबळवाल्या काकांचं. चौघेही निवृत्त, एक खेळतो तेव्हा उरलेले चुकीचे सल्ले देतात. एका इंजिनिअरिंगच्या मुलाने त्यांच्यातल्या सगळ्यात चिवट काकांना सलग दोनदा हरवलं. तेव्हापासून त्या मुलाच्या कॉफीचे पैसे काका देतात, या अटीवर की त्याने रोज यायचं. भिशीच्या बायका मंगळवारी येतात. सानंद या इथल्या मराठी संस्थेचं नाटक असलं की प्रयोग सुटल्यावर नाटक बघून आलेली मंडळी येतात आणि दुसऱ्या अंकाची चिरफाड करतात. त्यात नाटक न बघितलेलेही मत देतात. परगावी गेलेली मुलं सुट्टीला आली की आईवडिलांना घेऊन येतात, आणि घरी मोबाईलमध्ये डोकं घालून बसणारी तीच मुलं इथे समोरासमोर बसून बोलतात. का ते मला कळलेलं नाही. बहुधा घरात मध्येच उठून कामाला लागता येतं, इथे कप संपेपर्यंत उठता येत नाही.

2020 च्या मार्चमध्ये सगळं बंद पडलं. त्या दिवसांत आम्ही डिकॉक्शन बाटल्यांत भरून पुढेमागे गल्लीत पोचवलं. त्याने पगार निघाले, बाकी काही निघालं नाही.

पोहे ठेवायचे नाहीत असं मी आधी ठामपणे म्हणत होते. पण इंदुरात सकाळी उघडणाऱ्या दुकानात पोहे नाहीत म्हटल्यावर लोक काळजीने विचारायला लागले, तब्येत बरी आहे ना? आता रविवारी अकरापर्यंत पोहे असतात, वर शेव, जीरावन मसाला आणि लिंबू. ब्लॅक कॉफीबरोबर ते अप्रतिम लागतात, विश्वास नसेल तर येऊन बघा. कॉफीचा चोथा ओल्या कचऱ्यात टाकायचा, असा आमचा साधा नियम होता. पण शेजारच्या काकू गुलाबांसाठी तो आधीच बादलीत भरून नेतात, त्यामुळे कचरागाडीच्या वाट्याला आमच्याकडून फक्त लिंबाची सालं येतात.

मागच्या वर्षी दुसऱ्या शाखेचं विचारणं आलं. जागा मोठी, रस्ता मोठा, समोर काचेच्या इमारती. मी दोन रात्री आकडे मांडले. वहिनींनी कागद बघितला आणि म्हणाल्या, "अगं, तिथे जायफळ किसायला तू बसणार की मी?" आणि खरंच, तिथल्या भाड्यात दोन तास बसणारा माणूस परवडतच नव्हता. त्याला उठवायचं काम कुणीतरी करावं लागलं असतं आणि ते आम्हा दोघींपैकी कुणालाही जमणार नाही.

त्याऐवजी गाळ्यामागची कागद ठेवायची खोली मोकळी करतोय. मधली भिंत पाडली की आणखी पाच टेबलं मावतील आणि महिन्यातून एकदा होणाऱ्या अभिवाचनाला रस्त्यावरचे हॉर्न ऐकावे लागणार नाहीत. काम पावसाळ्यानंतर सुरू होईल. तोवर खिडकीजवळचं टेबल मंगळवारी कुणाचं, हे भिशीवाल्यांनी आणि बुद्धिबळवाल्यांनी आपसात ठरवावं, आम्हाला मध्ये घालू नये.