टाकीतलं औषध आणि अक्रोडाची टरफलं

माझी गाडी टर्बो पेट्रोल, डायरेक्ट इंजेक्शनची. धावते मात्र कोल्हापुरातच, राजारामपुरी ते शाहूपुरी. इंजिन नीट तापायच्या आत दुकान येतं. साठ हजार किलोमीटरच्या आसपास ती सकाळी सुरू केल्यावर थरथरायला लागली, कावळा नाक्याच्या सिग्नलला आरपीएमचा (इंजिनच्या फेऱ्यांचा) काटा नाचायचा आणि एक दिवस चेक इंजिनचा दिवा लागला. स्कॅनरवर पी०३००, म्हणजे मिसफायर (सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट न पेटणं), पण नेमक्या कुठल्या सिलिंडरमध्ये ते सांगत नाही.

प्लग बदलले, कॉइल तपासल्या. सर्व्हिसिंगवाल्यांनी टाकीत क्लीनरची बाटली ओतली आणि तिचं बिलही लावलं. फरक शून्य.

मग उद्यमनगरातल्या एका मिस्त्रींकडे गेलो. बाटलीचं ऐकून ते हसले. "साहेब, पेट्रोल त्या व्हॉल्व्हपर्यंत जातंयच कुठं?"

खरंच जात नाही. जुन्या पद्धतीत इंजेक्टर इनटेक पोर्टमध्ये, म्हणजे सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या वाटेत, फवारा मारायचा, त्यामुळे त्या वाटेच्या तोंडाशी असलेल्या इनटेक व्हॉल्व्हची पाठ पेट्रोलने आपोआप धुतली जायची. आता फवारा थेट सिलिंडरमध्ये जातो. क्रँककेसमधली, म्हणजे इंजिनच्या खालच्या भागातली, ऑइलची वाफ पीसीव्हीतून (ती वाफ परत इंजिनात नेणाऱ्या वाटेतून) इनटेकमध्ये येते, तापलेल्या व्हॉल्व्हवर बसते आणि कढईच्या बुडासारखी जळून घट्ट होते. टाकीतल्या औषधाने फार तर इंजेक्टर साफ होईल. थोड्या थोड्या अंतराच्या फेऱ्यांनी ऑइलमध्ये न जळलेलं पेट्रोल आणि पाणी मिसळत राहतं, तीच वाफ मग पुन्हा इनटेकमध्ये येते. काही कंपन्या म्हणूनच दोन्ही जागी इंजेक्टर देतात. टोयोटाची डी-४एस पद्धत तशीच आहे.

"हायवेला कागलपर्यंत दामटली तर?" मी विचारलं.

"नवा थर जरा कमी बसंल. बसलाय तो नाही निघायचा."

मॅनिफोल्ड, म्हणजे पोर्टांना हवा पुरवणाऱ्या नळ्यांचा भाग, उतरवल्यावर आत टॉर्च मारला. काळा, खडबडीत थर. व्हॉल्व्हची दांडी कुठे संपते तेही कळेना. उपाय अक्रोडाच्या टरफलांचा भरडा. कॉम्प्रेसरच्या हवेने तो पोर्टमध्ये मारायचा आणि व्हॅक्यूमने लगेच ओढून घ्यायचा. कार्बन निघतो, धातूला ओरखडा येत नाही. (आतला गर कोण खातं, हे विचारायचं राहिलं.)

वेळ खाते ती पुढची गोष्ट. ज्या सिलिंडरवर काम चालू आहे त्याचे इनटेक व्हॉल्व्ह पूर्ण मिटलेले हवेत, नाहीतर भरडा थेट आत जातो. म्हणून मिस्त्री क्रँक (इंजिनचा मुख्य दांडा) पान्याने हाताने फिरवून खात्री करायचे, मगच नळी लावायचे. घाई करणाऱ्याकडे हे काम देऊ नये असं माझं मत तिथे पक्कं झालं. शेवटी नवं गॅस्केट आणि कोड क्लिअर.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी गुपचूप सुरू झाली. दिवा नाही, थरथर नाही. दुकानाच्या फेऱ्या तेवढ्याच आहेत, त्या काही बदलणार नाहीत. ऑइल मात्र आता पुस्तकात दिलेल्या ग्रेडचंच, आणि किलोमीटर भरायची वाट न बघता बदलतो. पुढच्या सर्व्हिसला आधी कॅमेरा आत घालून व्हॉल्व्ह बघायचे, बाटलीचं नाव काढायचं नाही, असं जॉबकार्डवरच लिहून घेणार आहे.