थायशानवर चुकलेली नवमी

आधी माझी चूक सांगतो, म्हणजे तुमचे पैसे वाचतील. चिनी पंचांगातल्या नवव्या महिन्याच्या नवमीला छोंगयांग असतो. त्या दिवशी उंच जागी चढायचं, शेवंती बघायची, छोंगयांगचा केक खायचा. मला तो चीनच्या शानतुंग प्रांतातल्या थायशान डोंगरावर करायचा होता. २०२४ साली तो ११ ऑक्टोबरला, बरोब्बर दसऱ्याच्या आदल्या दिवशी आला होता. म्हणजे त्यांची नवमी ती आपली नवमी, असं समजून मी २०२५ ची खंडेनवमी बघितली आणि १ ऑक्टोबर धरून तिकिटं काढली.

डोंगराच्या पायथ्याच्या थायआन शहरात उतरलो तर जिकडेतिकडे मूनकेक, म्हणजे मध्य-शरद सणाचे केक. छोंगयांगचा केक कुठे मिळेल विचारल्यावर लॉजवाल्या बाई हसतच सुटल्या. त्यांनी फोनवरचं कॅलेंडर पुढे धरलं: आठव्या महिन्याचा दहावा दिवस. छोंगयांग २९ ऑक्टोबरला!

घोळ अधिक महिन्याचा. त्यांचाही महिना चंद्रावर चालतो आणि ज्या महिन्यात सूर्याची संक्रांत पडत नाही तो अधिक. नियम आपलाच, पण आपली संक्रांत निरयन (ताऱ्यांवरून मोजलेली), त्यांची सायन (ऋतूंवरून मोजलेली), त्यामुळे अधिक महिने वेगवेगळे पडतात. २०२५ मध्ये आपल्याकडे अधिक मास नव्हता, त्यांच्याकडे सहावा महिना दोनदा आला. शिवाय ते अमावास्येच्याच दिवसाला पहिला दिवस म्हणतात. तेव्हा चिनी सणाला जायचं तर चिनी कॅलेंडरच बघा.

चुकून मी पोचलो तो दिवस त्यांचा राष्ट्रीय दिन. ६ ऑक्टोबरला मध्य-शरद सण, म्हणून १ ते ८ सलग सुट्टी. छोंगयांगला सार्वजनिक सुट्टी नसते. म्हणजे सण हुकला आणि वर गर्दी पदरात पडली.

रात्री साडेनऊला पायथ्याच्या होंगमन दरवाजाहून निघालो. अर्ध्या वाटेवरच्या झोंगथ्येनमनपर्यंतचं काही लिहीत नाही, नेहमी गड चढणाऱ्याला ते सहज जमेल. पुढे ‘अठरा वळणं’ नावाचा टप्पा. अंतर किलोमीटरहून कमी, चढ ४०० मीटर, पायऱ्या सोळाशेच्या वर. स्थानिक लोक त्याचे तीन भाग करतात: सैल अठरा, ना सैल ना घट्ट अठरा, घट्ट अठरा. शेवटच्या भागात पायरीवर अख्खं पाऊल मावत नाही आणि समोरच्याच्या बुटाची टाच तुमच्या नाकासमोर. एक पायरी चढायची, दोन मिनिटं थांबायचं. घामाने भिजलेलं अंग त्या थांबण्यात गारठतं. एवढ्याशा टप्प्याला मला अडीच तास लागले. मध्येच एक पोरगा पायरीवर बसून चक्क रडत होता, आणि त्याला हसायचं त्राण कोणातच नव्हतं.

या पायऱ्यांच्या माथ्यावरच्या नानथ्येनमन दरवाजाच्या कमानीतून आत शिरलो तेव्हा मात्र वाटलं, सगळं वसूल. हा अर्धा झोपेत काढलेला निष्कर्ष आहे, फार विश्वास ठेवू नका.

वर वारा बोचरा. जाड हिरवे लष्करी कोट भाड्याने मिळतात. मला सांगितले ६० युआन, म्हणजे साडेसातशे रुपये, वर १०० रोख अनामत. परत देताना बाहीवरचा जुना डाग दाखवून २० कापले. घेतानाच कोटाचे फोटो काढा, नाहीतर सरळ घरून जाकीट न्या. काठी मात्र पायथ्यालाच घ्या, उतरताना गुडघे वाचतात. रोपवेने उतरायचा विचार सुट्टीत करू नका. रांग बघून मी चालतच उतरलो.

२०२६ चा छोंगयांग १८ ऑक्टोबरला आहे, पण रविवार. शनिवारी रात्री चढू नका. सोमवारी जा, एक दिवस उशीर झाला तर डोंगराला फरक पडत नाही. पासपोर्टवर आधी बुकिंग करा.

आणि हो, अनामतीचे उरलेले ८० युआन त्या कोटवाल्याने पाच-पाचच्या नोटांत मोजून दिले. पाचच्या नोटेवर मागे थायशानच छापलेला आहे.