गोळा होणारी माती

मांजराचं पिल्लू पाच आठवड्यांचं, वजन साडेचारशे ग्रॅम. कालपासून शी नाही, सकाळपासून दोन उलट्या. टॉवेलातून काढलं तर पोट तट्ट, आणि ओरडायचंही त्राण नाही. ताप बघायला थर्मामीटर लावला, तर टोकाला राखाडी, चिकट काहीतरी आलं. बोटांत चोळून पाहिलं. ओल्या शाडूसारखं लागलं.

"शी-शूच्या ट्रेमध्ये लिटर कुठलं घालता?"

"तुम्हीच सांगितलं होतंत ना डॉक्टर, गोळा होणारं."

सांगितलं होतं खरं. चार महिन्यांपूर्वी, या बाईंच्या म्हाताऱ्या बोक्यासाठी. त्याची किडनी अधू. रोज किती गोळे निघतात आणि केवढे, त्यावरून लघवीचा अंदाज येतो, म्हणून. पिल्लू नंतर आलं आणि त्यानं बोक्याचाच ट्रे धरला. पंधरा दिवसांपूर्वी त्या बोक्याचं औषध न्यायला आल्या होत्या. घरात नवीन कोणी आलंय का, एवढं विचारायला मला काय झालं होतं!

एक्स-रेत आतड्याच्या शेवटच्या भागात पांढरट ठिपक्यांची माळ दिसली. माती एक्स-रेत उठून दिसते. अडथळा वर, लहान आतड्यात असता तर पोट उघडावं लागलं असतं, आणि एवढ्याशा जिवाला भूल द्यायची म्हणजे माझेच हात थरथरतात. सलाइन लावलं, कोमट पाण्याचा एनिमा अगदी थोडाथोडा दिला.

तोवर बाईंना एका स्टीलच्या वाटीत त्यांचंच लिटर घालून दाखवलं. गोळा होणाऱ्या लिटरमध्ये बहुधा बेंटोनाइट असतं, मुलतानी मातीच्या जातकुळीतलं. पाणी घातलं की फुगतं आणि घट्ट धरतं. मिनिटभरानं वाटी उपडी केली. गोळा पडला नाही.

"पण ते माती खातं कशाला?"

मोठं मांजर सहसा खात नाही. चार-पाच आठवड्यांचं पिल्लू मात्र दिसेल ते तोंडात घालून बघतं. त्यातून हे नुकतं पातळ खाणं खायला लागलेलं. हनुवटी बरबटलेली, तशीच ट्रेमध्ये. चिकटलेलं सगळं चाटून पोटात.

संध्याकाळी सात वाजता त्यानं टेबलावरच करंगळीएवढी राखाडी शी केली. इतक्या आनंदानं शी पाहणारी माणसं आमच्या दवाखान्यातच भेटतील.

घरी पाठवताना कागदाच्या गोळ्यांचं, बिनवासाचं लिटर सुचवलं. सुगंधी नकोच, तो वास माणसांच्या हौसेचा, मांजराच्या नाकाला बहुतेक वेळा नकोसा. पिल्लू चार महिन्यांचं होईपर्यंत तेच, उथळ ट्रेमध्ये.

तिसऱ्या दिवशी फोन. पिल्लू मजेत. बोक्यानं मात्र कागदाचा ट्रे हुंगला आणि पायपुसण्यावर जाऊन बसला. दोघांनाही एकच लिटर ठेवा, असं मी म्हटलंच नव्हतं. की म्हटलं होतं? शेवटी त्याची जुनी माती उंच काठाच्या टबात गेली, पिल्लाला चढता येणार नाही अशा.

"आणि हो," मी विचारलं, "घरात आणखी कोणी नाही ना?"

"एक कासव आहे."