बत्तीसची पँट

वजन ६१ किलो, पँट बत्तीसची. उपाशीपोटी साखर १४८ आली, तेव्हा मला हसूच आलं. १२६ पासून मधुमेह धरतात म्हणे. वाटलं, लॅबवाल्याने नमुने बदलले. आमच्या दांडिया बाजारच्या घरात श्रीखंडाचा डबा संपवते बायको, आणि शुगर मला? दुसऱ्यांदा तपासलं. १५१.

भाची इथेच बडोद्यात पीएसएममध्ये, म्हणजे रोगप्रतिबंधक व सामाजिक वैद्यकशास्त्रात, एमडी करतेय. तिच्या विषयातल्या एपिडेमिऑलॉजीला मराठीत साथरोगशास्त्र म्हणतात हे कळल्यावर मी तिची खेचली होती, "शुगरची साथ येते का गं, कॉलऱ्यासारखी?" रविवारी ती शिंप्याची टेप घेऊनच आली. "पँटचा नंबर सांगू नकोस मामा, सदरा वर कर." शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप लावली. ९४ सेंटिमीटर! आपल्याकडच्या पुरुषांना ९० पर्यंत ठीक. मी पँट पोटाखाली बांधतो, म्हणून पंधरा वर्षं नंबर तोच.

मग तिने मोबाइलवर एक फोटो दाखवला. मधुमेहाचे दोन संशोधक, पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन, शेजारी शेजारी. २००४ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, एकच, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२! याज्ञिकांच्या चमूने पुण्याजवळच्या सहा गावांतली नवजात बाळंही मोजली. सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडात साउदम्पटनच्या बाळांचं ३.५. पोट, दंड सगळं किरकोळ, पण पाठीवरच्या कातडीखालची चरबी जवळजवळ तिकडच्याइतकीच. म्हणजे काडी पैलवान दिसायचं आणि आत लोणी, हे जन्मापासूनच.

"आई म्हणायची, मी तळहातावर मावायचो," मी म्हटलं. उलगडा झाल्याच्या आनंदात होतो.

"तुझ्या एकट्यावरून काही सिद्ध होत नाही. माणसं हजारांनी मोजावी लागतात." आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या इंडियाब नावाच्या मधुमेह पाहणीत १ लाख १३ हजार जण तपासले, तेव्हा कुठे देशाचा आकडा हाती आला : मधुमेह ११.४ टक्के, आणि उंबरठ्यावर उभे असलेले १५.३. गोव्यात २६.४ टक्के मधुमेही, उत्तर प्रदेशात ४.८. ही तफावत एकेकाच्या रिपोर्टात कुठून दिसणार? मी आपला सेव-उसळीला शिव्या देत बसलो होतो.

टेप ती इथेच विसरून गेली. बायकांना मर्यादा ८० ची. काल आमच्या हिने दार लावून मोजून पाहिलं. आकडा सांगत नाहीये.