सलाईनवाल्या उंदरांचा बँड

व्यसनावरच्या माझ्या पीएचडीत मॉर्फीन हातात पडायलाच सात महिने गेले. प्राणी आचारसमितीच्या फॉर्म बीमध्ये '२४ उंदीरच का, कमीत का भागत नाही' याचं गणित मागतात. ते मागायलाच हवं. खरा घोळ मॉर्फीनचा. १९८५च्या अमली पदार्थ कायद्यामुळे परवाना, कुलूपबंद कपाट आणि मिलिग्रॅमचा हिशेब ठेवणारी वही. सिरिंजमध्ये उरलेलं वाया गेलं तेही मी लिहिलं, तेव्हा स्टोअरचे काका म्हणाले, "मॅडम, सोनारसुद्धा एवढं लिहीत नाही."

प्रयोग तसा साधा. पेटीचे दोन कप्पे, एक काळा गुळगुळीत तळाचा, दुसरा पांढरा जाळीचा. एक दिवस मॉर्फीन टोचून उंदराला पांढऱ्यात ठेवायचं, दुसऱ्या दिवशी सलाईन टोचून काळ्यात. असं आलटूनपालटून आठ दिवस. मग काहीही न टोचता मधलं दार उघडायचं. उंदराला मुळात अंधार प्रिय. पण सात नंबरचा उंदीर दार उघडताच पांढऱ्या कप्प्यात गेला आणि जाळीला नाक लावून बसून राहिला. आमच्या गल्लीतला एकजण गुत्ता बंद पडल्यावरही त्याच ओट्यावर बसायचा, तो आठवला.

त्यानंतर दहा दिवस रोज डोस, तुलनेसाठी ठेवलेल्या उंदरांना नुसतं सलाईन, आणि मग ते काम, ज्याची सवय मला शेवटपर्यंत झाली नाही. बर्फावरच्या मेंदूतून न्यूक्लिअस अ‍ॅक्युम्बन्सचे, म्हणजे सुखाची ओढ लावणाऱ्या भागाचे, इवलेसे तुकडे काढायचे. शोधायचं होतं डेल्टाफॉसबी नावाचं प्रथिन. त्याच्या कुळातली बाकीची प्रथिनं एका डोसनंतर वर येतात आणि काही तासांत नाहीशी होतात. हे मात्र रोजच्या डोसागणिक साठत जातं आणि नशा थांबली तरी काही आठवडे मुक्काम ठोकतं.

वेस्टर्न ब्लॉट ही प्रथिनं वजनानुसार वेगळी करून पट्ट्यांच्या रूपात दाखवणारी चाचणी. पहिल्या वेस्टर्नमध्ये सगळ्या लेनमध्ये, म्हणजे प्रत्येक नमुन्याच्या रांगेत, एकसारखा ठसठशीत बँड, म्हणजे पट्टा. चूक माझीच. सगळ्या लेनमध्ये सारखाच माल भरलाय ना हे तपासायला आधी गॅपडीएच हे पेशींत नेहमीच असणारं प्रथिन शोधलं होतं, त्याचं वजन ३७ किलोडाल्टन. डेल्टाफॉसबी ३५ ते ३७. प्रथिनं उतरवलेली पातळ मेम्ब्रेन नीट धुतली गेली नव्हती, आणि मी जुनाच बँड बघत होते. मग गॅपडीएचच्या जागी ४२चं बीटा-अ‍ॅक्टिन घेतलं.

तरीही सलाईनवाल्यांत बँड! मॉर्फीनपेक्षा फिका, पण होता. माझ्या गाइड मॅडमनी विचारलं, "त्या दिवसांत अ‍ॅनिमल हाउसमध्ये काही चाललं होतं का?" चाललं होतं. वरच्या मजल्यावर तीन आठवडे ड्रिलिंग. सततच्या ताणानेही हे प्रथिन वाढतं, हे मी स्वतः सेमिनारमध्ये सांगितलेलं. ड्रिलिंगमुळेच झालं हे सिद्ध नाही करता येणार, पण अख्खी बॅच बाद केली.

पुन्हा फॉर्म, पुन्हा परवाना. या वेळी डोसच्या आधी दोन आठवडे रोज उंदरांना नुसतं हातात घेऊन बसायचे, टोचण्याची धास्ती जावी म्हणून. सलाईनची लेन जवळजवळ कोरी आली.

सात नंबर पहिल्या बॅचमधला. प्रबंधात तो कुठेच नाही. मॉर्फीनच्या वहीत मात्र त्याचे चौदाही डोस आहेत, प्रत्येकी अडीच मिलिग्रॅम.