कोयता निघण्याआधी गावाने करायची कामं

उसाच्या फडात राबणाऱ्या मुलांच्या बातम्या डिसेंबर-जानेवारीत येतात. पण मूल फडावर जाणार की शाळेत राहणार, हे गावात पावसाळ्यातच ठरून गेलेलं असतं. तोडणीला मजूर जमवणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतली की कोयता, म्हणजे ऊस तोडणारी नवरा-बायकोची जोडी, हंगामासाठी बांधला गेला. दसरा-दिवाळीला गाड्या लागतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत बीड, पाथर्डी, परतूर, गंगाखेडकडच्या कितीतरी वस्त्यांवर फक्त म्हातारी माणसं उरतात. म्हणून कारखान्यावर धाड टाकण्यापेक्षा जुलै ते दसरा या काळात गावातच जोर लावावा, असं माझं ठाम मत आहे.

आधी घरचं गणित बघा. पैसे जोडीला मिळतात, तेही टनावर. जानेवारी 2024 मध्ये तोडणीचा दर टनाला 273 वरून 366 रुपये झाला. उचल फिटली नाही तर बाकी पुढच्या हंगामाच्या डोक्यावर, आणि एक दिवस खाडा झाला तर वर दंड. या हिशेबात दहा वर्षांची पोरगी नेली जाते ती बहुतेक वेळा कोयता धरायला नाही, धाकट्याला कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत, सांभाळायला. मग पाणी भरणं, भाकरी थापणं, वाढे (उसाचे हिरवे शेंडे) गोळा करणं, मोळ्या बांधणं हळूहळू तिच्याकडे येतं आणि बारा-तेराव्या वर्षी कोयताही. त्यामुळे आईबापाला शिक्षणाचं महत्त्व सांगत बसू नये. ते त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतं. त्यांचे प्रश्न दोनच असतात: पोराला संध्याकाळी जेवायला कोण घालणार आणि रात्री ते कुणाजवळ झोपणार?

जुलैत एक वही घ्या आणि घराला एक पान द्या. कोणत्या मुकादमाकडे, कोणत्या कारखान्याला, कधी निघणार, मुलं किती व कितवीत, घरी मागे कोण राहतं, पाच वर्षांखालचं मूल आहे का. ही माहिती अंगणवाडी सेविका आणि आशाताईंकडे अर्धीअधिक असतेच. शाळेच्या हजेरीवर विसंबू नका. पटावर नाव आहे म्हणजे मूल गावात आहे असं नाही. संचमान्यतेसाठी, म्हणजे शाळेला किती शिक्षक ते ठरवायला, 30 सप्टेंबरचा पट धरला जातो आणि स्थलांतर सुरू होतं त्यानंतर, त्यामुळे गळती कागदावर दिसतच नाही.

ही यादी 15 ऑगस्टच्या ग्रामसभेत वाचावी. ग्राम बाल संरक्षण समिती प्रत्येक गावात असायला हवी. सरपंच अध्यक्ष, अंगणवाडी सेविका सचिव. बऱ्याच ठिकाणी ती फक्त फलकावर असते. मुकादमालाही सभेला बोलवा. तो बहुधा गावचाच असतो आणि चारचौघांत दिलेला शब्द त्याला मोडवत नाही. ‘घरच्यांना मदत चालते की’ असं तो म्हणेल. त्याला सांगायचं की बालमजुरी कायद्याच्या 2016 च्या दुरुस्तीनंतर 14 वर्षांखालच्या मुलाला कुठल्याही कामावर ठेवता येत नाही. घरच्या कामाची सवलत आहे ती शाळा सुटल्यावर आणि सुट्टीत, शाळेच्या वेळेत फडात नाही. कामावर ठेवणाऱ्याला सहा महिने ते दोन वर्षं कैद किंवा 20 ते 50 हजार दंड, किंवा दोन्ही.

आता जेवण. हंगामी वसतिगृहाचा (आईबाप फडावर असताना गावातच मुलांची सोय करणाऱ्या सरकारी योजनेचा) प्रस्ताव शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावासह केंद्रप्रमुखांमार्फत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जातो. तो ऑगस्टमध्येच पाठवा, कारण मंजुरी आणि पैसे दोन्ही रेंगाळतात. मधल्या काळात चूल पेटती कशी ठेवायची, हाच खरा पेच. शाळेतल्या पोषण आहाराने दुपार भागते, प्रश्न संध्याकाळचा. सहावी ते आठवीचं शाळेतलं प्रमाण धरलं तर माणशी 150 ग्रॅम धान्य आणि 30 ग्रॅम डाळ. 30 मुलांना एका वेळेला साडेचार किलो धान्य, 900 ग्रॅम डाळ, सव्वादोन किलो भाजी. महिन्याला धान्य 135 किलो. प्राधान्य कुटुंबाच्या रेशनकार्डावर माणशी 5 किलो मिळतं, म्हणजे या 30 मुलांचंच धान्य महिन्याला 150 किलो होतं. ते गावात उचललं गेलं तर धान्याचा प्रश्न जवळपास सुटतो. अडतं ते अंगठ्यावर. आजीचं आधार रेशनकार्डाला जोडलेलं नसेल किंवा तिचे ठसे उमटत नसतील, तर दुकानदार रिकाम्या हाताने परत पाठवतो. शिवाय धान्य आता कारखान्याजवळही उचलता येतं. तिथे पूर्ण कुटुंबाचं उचललं की गावात काही उरत नाही. आजीचा आणि पोरांचा वाटा गावातच ठेवायचा, हे निघण्याआधी आईबापाशी बोलून ठरवा.

डाळ, तेल, भाजी आणि बचत गटाच्या स्वयंपाकाचा मेहनताना यांसाठी ग्रामपंचायतीचा महिला व बालकल्याणाचा 10 टक्के निधी बघा. रविवारी शाळेची दुपारची खिचडी नसते, ते ताट आधीच धरून ठेवा.

सगळ्यात मोठी चूक तारखेची. गाड्या निघतात तेव्हाच शाळेला दिवाळीची सुट्टी असते आणि वसतिगृह सुरू होतं शाळा उघडल्यावर. ‘पंधरा दिवसांपुरतं नेतो’ म्हणून नेलेलं पोर मग एप्रिलमध्येच परत येतं. पहिली गाडी निघेल त्या संध्याकाळी जेवण सुरू झालं पाहिजे, शाळा बंद असली तरी. दुसरी चूक धाकट्याला विसरण्याची. ते आईबरोबर गेलं की त्याला सांभाळायला ताई जाणारच. ते आजीजवळ राहणार असेल तर अंगणवाडीची वेळ शाळा सुटेपर्यंत वाढवून तिथे एक मदतनीस बसवावी लागते. पोरींची गळती थांबवणारा याहून स्वस्त उपाय मला तरी माहीत नाही.

मोठ्या मुलींचं वेगळं. गावातली शाळा सातवी-आठवीला संपते, वयात आलेली पोर आजीच्या भरवशावर कशी ठेवायची या धास्तीने लग्न उरकतात, आणि नवा कोयता तयार होतो. यांच्यासाठी मुलींचं निवासी कस्तुरबा गांधी विद्यालय किंवा ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठीची संत भगवानबाबा वसतिगृहं, यांतल्या जागा जूनमध्येच बघाव्यात. लग्नाची कुणकुण लागली तर ग्रामसेवकाला (आताचं पदनाम ग्रामपंचायत अधिकारी) लेखी कळवा. गावात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी तोच आहे. तो टाळाटाळ करत असेल तर 1098 या चाइल्डलाइनच्या नंबरवर फोन करा.

काही मुलं तरीही जातीलच. त्यांच्या हाती शिक्षण हमी कार्ड द्या, म्हणजे मूल कितवीत आहे ते नव्या शाळेला कळतं. कारखान्याजवळच्या शाळेने दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारला तर शिक्षण हक्क कायद्याचं कलम 5 दाखवायचं: दाखल्याला उशीर हे प्रवेश नाकारण्याचं कारण होत नाही. कर्नाटकातल्या कारखान्यांना जाणाऱ्यांची अडचण वेगळी, तिथली जवळची शाळा बहुधा कानडी असते. त्या घरांची मुलं मागे ठेवण्यासाठी सर्वांत आधी बोलणी करा.

एप्रिलमध्ये परतलेल्या मुलांसाठी कलम 4 प्रमाणे वयानुसार वर्ग आणि विशेष प्रशिक्षण मिळायला हवं. मे महिन्यात गुरुजी सुट्टीवर असतात, तेव्हा गावातल्याच डी.एड. झालेल्या मुला-मुलीला मानधन देऊन सकाळी दोन तास वर्ग चालवा. पहिले पंधरा दिवस फक्त वाचन आणि हातच्याची वजाबाकी. पुस्तकाचा राहिलेला भाग नंतर.